चिंदोगू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी मी शाळांमध्ये, कधी ओळखीच्यांच्या गच्चीवर, चिंदोगूच्या कार्यशाळा घेते. सोबत एक जुनी सुटकेस असते आणि तिच्यात मी केलेल्या वस्तू. ती उघडली की पहिली पाच मिनिटं नुसता हशा असतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढावीत असं वाटलं.

चिंदोगू म्हणजे नेमकं काय?

शब्द जपानी आहे. ‘चिन’ म्हणजे विरळा, आगळावेगळा आणि ‘दोगू’ म्हणजे अवजार. रोजच्या जगण्यातली एखादी खरी अडचण धरायची, ती खरोखर सुटेल अशी वस्तू हाताने बनवायची. पण ती वापरायला घेतली की तिच्यापायी इतक्या नव्या अडचणी उभ्या राहतात की शहाणा माणूस ती पुन्हा कपाटात ठेवून देईल. आपण ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणतो ना, तो फुफाटा हातात धरता येईल असा करून दाखवायचा.

डोळ्यांत औषध घालताना थेंब गालावर पडतो, हा सगळ्यांचा अनुभव. त्यावर चिंदोगू असा: चष्म्याच्या दोन्ही काचांच्या जागी दोन छोटी नरसाळी. मान मागे टाका, नरसाळ्यात थेंब सोडा, तो बरोबर डोळ्यात पडतो. उपाय शंभर टक्के लागू पडतो. फक्त नरसाळ्यांचा चष्मा घेऊन कुणी घराबाहेर पडत नाही.

‘चिंधी’ या शब्दाशी याचा काही संबंध?

नाही. कानाला तसं वाटतं खरं, आणि दर कार्यशाळेत कुणीतरी हे विचारतंच. पण दोन्ही शब्दांची कुळं वेगळी.

ही कल्पना कुणाची?

केंजी कावाकामी या जपानी गृहस्थांची. जन्म १९४६चा. शिक्षण विमानविद्येचं, आणि विद्यार्थी असताना ते चळवळीतही होते. १९८०च्या दशकात ते टपालाने घरपोच वस्तू विकणाऱ्या एका जपानी मासिकाचे संपादक होते. मासिकाच्या शेवटी काही पानं रिकामी राहत. तिथे त्यांनी स्वतः बनवलेल्या, कुणालाही विकत घेता येणार नाहीत अशा वस्तूंचे फोटो छापायला सुरुवात केली. नरसाळ्यांचा चष्मा सुरुवातीच्या वस्तूंमधलाच. सौरऊर्जेवर चालणारी बॅटरीही तेव्हाचीच: भर उन्हात झकास पेटते, अंधार पडला की बंद.

ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. सगळं मासिक ‘हे घ्या, ते घ्या, याने तुमचं आयुष्य सोपं होईल’ असं सांगणारं, आणि त्याच्याच शेवटच्या पानांवर अशा वस्तू, की ज्या आयुष्य सोपं करण्याच्या नादात ते अवघड करून ठेवतात आणि पैसे देऊनही मिळत नाहीत. जपानमध्ये तेव्हा पैशाला तोटा नव्हता, दर महिन्याला नवं उपकरण बाजारात येत होतं. कावाकामींनी त्या गर्दीवर लेख लिहिला नाही, भाषण दिलं नाही. वस्तूला उत्तर वस्तूने दिलं.

जपानबाहेर हे पोचलं ते डॅन पापिया यांच्यामुळे. टोकियोतून निघणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकाचे ते संपादक होते. त्यांनी चिंदोगूंची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली, आणि १९९५मध्ये एकशे एक चिंदोगूंचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्या नावासाठी इंग्रजीत एक नवाच शब्द घडवावा लागला. मराठीत मी त्याला ‘अ-निरुपयोगी’ म्हणते. म्हणजे उपयोगी नाही, पण निरुपयोगी म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आणखी काही नमुने सांगाल का?

आनंदाने. मला सगळ्यात आवडतं ते लोण्याचं: चिकटवायचा डिंक जसा फिरत्या तळाच्या नळीत मिळतो, तशा नळीत लोणी भरलेलं. सुरी नको, चमचा नको, झाकण काढा आणि पावावर घासा. तसाच चॉपस्टिकला लावलेला छोटा पंखा. गरम नूडल तोंडापर्यंत येईतो निवतात.

सर्दीचा मोसम असणाऱ्यांसाठी टॉयलेट पेपरचं अख्खं रीळ डोक्यावर बसवलेली टोपी, म्हणजे नाक पुसायला कागद सतत कपाळासमोर. पावसात बुटांची टोकं भिजतात म्हणून प्रत्येक बुटाला एक चिमुकली छत्री. रस्ता ओलांडायला जागा नसेल तर गुंडाळून खांद्यावर नेता येणारं झेब्रा क्रॉसिंग. पाठीवर चौकटी आणि आकडे छापलेला टी-शर्ट आहे, खाजवणाऱ्याला ‘जरा वर, जरा डावीकडे’ असं न सांगता चौकटीचा नंबर सांगायचा.

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना एक वस्तू लगेच कळते. मेट्रोत बसल्या बसल्या डुलक्या घेणाऱ्यांसाठी हेल्मेट, मागे रबरी चोखणी. ती डब्याच्या काचेला घट्ट चिकटते, म्हणजे मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत नाही. पुढे कपाळावर पाटी: मला अमुक स्टेशनला उठवा. ही वस्तू टोकियोत सुचली, पण डोंबिवलीच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

रांगत्या बाळाच्या अंगरख्याला पुढून पोछ्याच्या झिरमिळ्या लावलेल्या, बाळ रांगेल तशी फरशी पुसली जाते. हाही प्रसिद्ध नमुना. मांजराच्या चारही पायांत धूळ पुसायचे मोजे घालण्याचा एक आहे, तो मात्र मी कार्यशाळेत दाखवत नाही. मांजराला कुणी विचारलेलं नसतं.

याचे म्हणे दहा नियम आहेत. ते कोणते?

आहेत, आणि ते नुसते गमतीचे नाहीत. कावाकामी आणि पापिया यांच्या चिंदोगू संस्थेने ते ठरवले. मी माझ्या शब्दांत सांगते, पण सगळ्यांना सारखं वजन देत नाही, कारण माझ्या मते त्यांचं वजन सारखं नाही.

पहिला नियम: वस्तू प्रत्यक्ष वापरासाठी नसावी. तुम्ही ती रोज वापरायला लागलात तर चिंदोगू फसलं, कारण तुम्ही नुसती चांगली वस्तू बनवलीत. दुसरा नियम: ती प्रत्यक्षात असली पाहिजे. कागदावरचं चित्र चालत नाही, ‘असं केलं तर काय मजा येईल’ हेही चालत नाही. वस्तू बनली पाहिजे, हातात घेता आली पाहिजे, आणि घेतल्यावर एक क्षण वाटलं पाहिजे की हे कुणीतरी वापरेलही. हा दुसरा नियम माझ्या लेखी सगळ्यांचा आधार आहे. कल्पना फुकट असते. खिळा वाकडा जातो, डिंक सुटतो, रबर ताणलं जात नाही, तेव्हा कळतं की आपल्याला ती अडचण मुळात समजलीच नव्हती. दहा जणांच्या गटात दहा कल्पना पाच मिनिटांत निघतात आणि एकच वस्तू उभी राहायला तीन तास लागतात. त्या तीन तासांसाठीच मी जाते.

तिसरा: प्रत्येक वस्तूत थोडी बेबंदशाही असावी, उपयोग झालाच पाहिजे या सक्तीतून सुटका असावी. चौथा: ती रोजच्या जगण्यातली असावी आणि कुठल्याही देशातल्या माणसाला न बोलता कळावी. फक्त प्लंबरलाच कळेल असं अवजार यात बसत नाही. पाचवा: विकायची नाही, गंमत म्हणूनही नाही.

सहाव्या नियमाबद्दल थोडं जास्त सांगते. हसवणं हा एकमेव हेतू नसावा, असं तो म्हणतो. हसू येतंच, पण ते मागाहून आलेलं असावं. लहान मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर उमगतं. मोठी माणसं गंमत करायला बसतात आणि चपलेला चमचा चिकटवतात. मुलं अडचण सोडवायला बसतात, आणि इतक्या मनापासून सोडवतात की बघणाऱ्याला हसू फुटतं.

सातवा: प्रचार नको, माणसाच्या स्थितीवर टोमणाही नको. आठवा: अश्लील, किळसवाणं किंवा जिवंत प्राण्याला त्रास होईल असं काही नको (मांजर आठवा). नववा: पेटंट नाही, मालकी हक्क नाही, वस्तू सगळ्यांची. दहावा: भेदभाव नको, जात, धर्म, वय, श्रीमंती यांपैकी कशाकडेही झुकणारी नको.

पण उपयोगच नाही तर एवढा खटाटोप कशाला?

‘रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण मला पालकसभेत तोंडावर ऐकवली गेली आहे. मी त्यांना सांगितलं तेच इथे सांगते.

आपण वापरतो त्या बहुतेक वस्तूंची अडचण कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेली असते. कणिक मळायला वेळ लागतो ही अडचण, म्हणून यंत्र. लसूण सोलायचा कंटाळा ही अडचण, म्हणून रबराची नळी. आपण दुकानात जातो तोपर्यंत प्रश्न आणि उत्तर दोन्ही खोक्यात बंद झालेले असतात. चिंदोगू करायला बसलं की आधी प्रश्न शोधावा लागतो, तोही आपल्या घरातला. कार्यशाळेच्या पहिल्या तासात मी कुणालाही काही बनवू देत नाही. फक्त यादी: आज सकाळपासून कुठे कुठे चडफडलात? नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘आजीला सुईत दोरा ओवून द्यायला मी घरी नसते.’ इतकं साधं, नेमकं वाक्य मोठ्यांच्या यादीत मला क्वचित सापडलं आहे.

दुसरं असं, की वस्तू विकायची नाही म्हटलं की ती चांगली दिसावी, स्वस्त पडावी, सगळ्यांना आवडावी ही ओझी उतरतात. उरतं ते एवढंच: ही चालते का? आणि चालली की होणारा आनंद अगदी निखळ असतो.

सेल्फी स्टिक आधी चिंदोगू होती, हे खरं का?

१९९५च्या त्या पुस्तकात ती आहे: काठीच्या टोकाला कॅमेरा, स्वतःचा फोटो स्वतः काढण्यासाठी. तेव्हा ती बाकी चिंदोगूंच्या पंगतीतच बसली. वीस वर्षांत ती सिंहगडापासून गेटवेपर्यंत दिसू लागली. २०१४मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत तिला बसवलं.

पण गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि मला ती फार जवळची वाटते. जपानी कॅमेरा कंपनी मिनोल्टात हिरोशी उएदा नावाचे अभियंते होते. बायकोबरोबर युरोपात फिरताना दोघांचा एकत्र फोटो निघेना. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापाशी त्यांनी एका मुलाला फोटो काढायला सांगितलं, तर तो कॅमेराच घेऊन पळाला. परत येऊन त्यांनी लांब होणारी दांडी बनवली, कॅमेऱ्याला पुढून छोटा आरसा लावला म्हणजे आपण चौकटीत आहोत का ते दिसेल, आणि १९८०च्या दशकात पेटंटही घेतलं. कंपनीने चाचणी घेतली तेव्हा बायकांना स्वतःचाच फोटो काढायची लाज वाटते असं निघालं. दांडी चालली नाही. पेटंटची मुदत २००३मध्ये संपली, आणि काठ्यांची लाट आली ती त्यानंतर.

म्हणजे एकाच वस्तूला एकाने अडचणीवरचा गंभीर उपाय म्हणून घडवलं आणि दुसऱ्या पुस्तकात ती हसण्याची गोष्ट ठरली. काठी बदलली नव्हती. पुढे फोनला समोरच्या बाजूने कॅमेरा आला आणि स्वतःकडे बघण्याची लाज गेली, तेव्हा तीच काठी गरजेची झाली. एखादं चिंदोगू ‘कधीच वापरलं जाणार नाही’ असं मी म्हणूनच छातीठोकपणे सांगत नाही. आणि ज्या दिवशी ते सर्रास वापरलं जातं, त्या दिवशी पहिल्या नियमानुसार ते यादीतून बाद.

मग हा जुगाडच की! आपल्याकडे काय नवीन?

नाही, जुगाड उलट्या दिशेचा. जुगाडात साधनं नसतात आणि काम अडलेलं असतं. मग हाताशी असेल त्यातून काम निभावून न्यायचं. जुगाड चालला तर माणसाचा दिवस वाचतो. चिंदोगूत कुठलंच काम अडलेलं नसतं.

पण एक दुवा आहे, आणि तो पुण्यातला आहे. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे जोडून भूमितीचे आकार शिकवले. टाकाऊ सामानातून शेकडो खेळणी केली, आणि पुण्याच्या ‘आयुका’मधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलं. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी पूर्ण उपयोगी आहेत, विज्ञान शिकवतात; चिंदोगूच्या पहिल्या नियमात ती बसत नाहीत. पण वस्तू सगळ्यांची, कुणीही करा, फुकट घ्या, आणि नुसतं सांगू नका तर हाताने करून बघा, या दोन बाबतींत ते आणि कावाकामी मला एकाच वाटेवरचे वाटतात. कार्यशाळेत मी व्हॉल्व्हची नळी हमखास नेते. सायकलच्या दुकानात मीटरवर मिळते आणि दोन काड्या जोडायला तिच्याहून सोपं मला काही सापडलेलं नाही.

ऑनलाइन मिळणारी गमतीदार गॅजेट्स म्हणजे चिंदोगूच ना?

नाहीत. बटण दाबल्यावर वाढदिवसाचं गाणं म्हणणारा केक कापायचा चाकू, मोबाइलला लावायचा पंखा, अंड्याला चौकोनी करणारा साचा: यांतल्या काही कल्पना चिंदोगूच्या तोडीच्या असतीलही, पण त्या विकायला आहेत. लोण्याची नळीसुद्धा आता वेगवेगळ्या रूपांत विकत मिळते. वस्तू तीच, पण तिच्यावर किंमत लागली की तिला खोटं बोलावं लागतं. ‘हे तुमच्या उपयोगाचं आहे’ असं खोक्यावर छापावं लागतं.

प्रामाणिक अपवाद एक सांगते. १९७५मध्ये कॅलिफोर्नियात गॅरी डाल या जाहिरातवाल्या माणसाने पाळीव दगड विकला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा साधा गोटा, गवताच्या गादीवर, हवा जायला भोकं पाडलेल्या खोक्यात, सोबत पाळायच्या सूचनांची पुस्तिका. चार डॉलरच्या आसपास किंमत, काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त खपले. दगड कशाच्या उपयोगाचा आहे असा दावा त्याने केलाच नाही, म्हणून मला तो आवडतो. पण ते चिंदोगू नाही. त्यात कुठलीच अडचण सुटत नाही.

एकात एक अडकलेल्या कप्प्या, चेंडू, दोऱ्या असतात ती यंत्रं?

ती वेगळी परंपरा. अमेरिकेत रूब गोल्डबर्ग आणि इंग्लंडमध्ये हीथ रॉबिन्सन या व्यंगचित्रकारांनी ती चित्रातून रूढ केली: सोपं काम वीस पायऱ्यांनी करायचं. चिंदोगू बहुधा एकाच पायरीत काम करतं. तसाच ‘स्वतःला बंद करणारा डबा’. त्याचं बटण चालू करा, झाकण उघडतं, आतून हात येतो, बटण बंद करतो, आत जातो. १९५२मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्विन मिन्स्की यांना हे सुचलं आणि क्लॉड शॅनन यांनी बनवून टेबलावर ठेवलं. संगणकशास्त्रातले इतके मोठे दोघे. मला तो डबा सुंदर वाटतो, पण तो कुणाची अडचण सोडवत नाही, म्हणून याही पंगतीत नाही.

याला कला म्हणायचं का?

मी म्हणते. कावाकामींच्या आधी कलावंतांनी वस्तूंचा उपयोग काढून घेऊन पाहिला होता. मॅन रे यांनी १९२१मध्ये पॅरिसमध्ये कपड्यांच्या इस्त्रीच्या तळाला बारीक खिळे चिकटवले. शर्टावर फिरवली तर शर्ट फाटणार. १९३६मध्ये मेरेट ओपेनहाइम या तरुण चित्रकर्ती पिकासो आणि डोरा मार यांच्यासोबत पॅरिसच्या कॅफेत बसल्या होत्या. त्यांच्या हातात केसाळ कातड्याने मढवलेलं कडं होतं. कातड्याने काय वाटेल ते मढवता येईल, अशी गोष्ट निघाली, आणि ‘हा कप आणि बशीसुद्धा’ असं उत्तर आलं. त्यांनी खरंच कप, बशी आणि चमचा विकत आणून हरणाच्या केसाळ कातड्याने मढवला. आज तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. तो कप पाहताना ओठांना काहीतरी होतं. चहा पिण्याची आठवण आणि केसांचा स्पर्श एकाच वेळी तोंडात येतात. केवढं मोठं काम एका कपाने केलं!

फ्रान्समध्ये जाक कारेलमान यांनी १९६९मध्ये न मिळणाऱ्या वस्तूंचा एक भलामोठा कॅटलॉग काढला. त्यातली किटली प्रसिद्ध आहे: तोटी आणि मूठ एकाच बाजूला, ओतायला गेलं की हात भाजणार. डॉन नॉर्मन यांच्या डिझाइनवरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ती अनेकांनी पाहिली असेल. अथेन्समध्ये कातेरिना काम्प्रानी या वास्तुविशारद २०११पासून अशाच वस्तू रचतात: साखळीची मूठ असलेला काटा, पुढून उघडे गमबूट, तोटी स्वतःच्याच अंगावर वळलेली झाडांना पाणी घालायची झारी.

फरक बघा. मॅन रे, कारेलमान, काम्प्रानी चालू वस्तू घेतात आणि तिच्यातली एकच गोष्ट मोडतात. चिंदोगू अडचण घेतं आणि ती सोडवतं. पहिल्या तऱ्हेत वस्तू माणसाला नाही म्हणते. दुसरीत ती इतकं हो म्हणते की माणूस अवघडतो. मला दुसरी जास्त प्रेमळ वाटते.

आणि फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांचा तो तीन पायांचा लिंबू पिळायचा?

१९९०मध्ये इटलीच्या आलेसी कंपनीने काढलेला, ॲल्युमिनियमचा, वीतभराहून उंच, कोळ्यासारखा. रस ग्लासात पडतो आणि बियाही पडतात, कारण गाळणीच नाही. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली, तर लिंबाच्या आंबटाने मुलामाच खराब होणार. दिसायला देखणा आहे. पण तो महाग विकला जातो, म्हणून माझ्या सुटकेसमध्ये त्याला जागा नाही. आपला लाकडी मुठीचा, दोन फाळ्यांचा लिंबू पिळायचा मी शेजारी ठेवते, तुलनेसाठी.

घरी करायचं तर सुरुवात कशी करू?

माझ्याच एका वस्तूचं सांगते: बिस्किटाची जाळी.

अडचण घरोघरची. ग्लुकोजचं बिस्कीट चहात बुडवलं, एक क्षण जास्त झाला, निम्मं बिस्कीट तुटून तळाला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या लेन फिशर यांनी बिस्कीट बुडवण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आहे आणि त्याबद्दल त्यांना १९९९चं इग नोबेलही, म्हणजे गमतीदार संशोधनाला मिळणारं पारितोषिक, मिळालं. त्यांचा सल्ला असा की बिस्कीट आडवं धरून एकच बाजू भिजवा, वरची कोरडी बाजू त्याला धरून ठेवते. सल्ला उत्तम आहे. पण मला पडणारं बिस्कीट झेलायचं होतं.

पहिल्यांदा लसणाच्या पिशवीची प्लॅस्टिकची जाळी कपात टांगली. गरम चहात ती लोळागोळा झाली आणि बिस्किटाचा लगदा भोकांतून खाली गेला. मग जुन्या चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी कापून चपटी चकती केली. तिने लगदा धरला, पण वर उचलताना चहा सगळा टेबलावर. चकती सपाट असल्यामुळे ती पाण्याला फावड्यासारखी ढकलत होती. तिसऱ्यांदा जाळी वाटीच्या तळावर दाबून खोलगट केली, तीन तारांनी काठावर अडकवली आणि एका तारेला केसांच्या क्लिपची तरफ केली. क्लिप दाबली की जाळी सावकाश वर येते, वर बिस्किटाचा तुकडा बसलेला. पहिल्यांदा ती वर आली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता पुढचं. कपात जाळी असली की बिस्कीट फक्त मधोमधच बुडवता येतं. पिताना तारेचा आकडा नाकाला लागतो. वर आलेला लगदा चमच्याने खरवडून खावा लागतो, तोवर चहा गार. आणि जाळीच्या भोकांत वाळलेलं बिस्कीट टूथब्रशने घासायला चहा पिण्याहून जास्त वेळ जातो. बिस्कीट मात्र एकदाही बुडालेलं नाही.

तुम्ही करताना एवढंच पाहा: अडचण तुमची स्वतःची आहे का, उपाय खरंच चालतो का, आणि घरातली सगळ्यात कमी बोलणारी व्यक्ती ती बघून हातात घ्यायला पुढे येते का. तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

शाळेत घ्यायचं तर कितवीपासून?

पाचवीपासून पुढे, कात्री आणि पक्कड हाताळता येईल तेव्हा. गट तिघांचे ठेवा. चौथा नुसता बघत बसतो. गुण देऊ नका. आणि आजीच्या सुईदोऱ्याचं काय झालं असं कुणी विचारेल म्हणून सांगते: त्या मुलीने टोपीच्या पुढे भिंग लावलं, टोपीच्याच कडेला लवचिक तारेवर सुई बसवली. आजीला दोरा ओवता आला. टोपी घालून शिवायला मात्र आजी तयार झाल्या नाहीत, कारण मान वळवली की सुईही वळायची.

बिस्किटाची जाळी विकत मिळेल का?

नाही, पाचवा नियम. मापं घ्या: कपाचं तोंड साडेसात सेंटीमीटर असेल तर जाळीची चकती सहा सेंटीमीटरची कापा आणि वाटीच्या तळावर अंगठ्याने दाबून एक सेंटीमीटर खोल करा. तारा स्टीलच्या घ्या, तांब्याच्या नकोत. टोकं आतल्या बाजूला वळवा, नाहीतर ओठ कापतो. चहा काठाच्या दोन बोटं खाली ठेवा.